जपानी मुलांना निराश ठरवण्याची घाई

जपानमधली मुलं आतून विझली आहेत, हे विधान आता इतक्या वेळा कानावर येतं की त्याला उत्तर देणं भाग आहे. मांडणी ठरलेली असते. देश श्रीमंत, शाळा स्वच्छ, गाड्या वेळेवर. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पुढचं विचारा, तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. जिद्द नाही, देश बदलण्याची उमेद नाही. बरी नोकरी, चार मित्र, निवांत आयुष्य, एवढ्यावर त्याचं समाधान. मग त्याला ‘सातोरी पिढी’ म्हणून बाजूला काढलं जातं, म्हणजे ज्यांच्या इच्छाच संपल्या आहेत अशी पिढी. वर्षानुवर्षं खोलीत कोंडून घेणाऱ्या हिकिकोमोरींचा उल्लेख होतो, आणि शेवटी आपण आपल्याच पोरांची पाठ थोपटतो: आमची मुलं गरीब असतील, पण त्यांच्या डोळ्यांत स्वप्नं आहेत.

हे चित्र चुकीचं आहे. त्याहून वाईट म्हणजे ज्यांनी जबाब द्यायचा त्या मोठ्यांना ते मोकळं सोडतं आणि सगळा दोष मुलांच्या स्वभावावर ढकलतं.

या मांडणीचा हुकमी पुरावा म्हणजे निप्पॉन फाउंडेशनचं २०१९ चं सर्वेक्षण. नऊ देशांतल्या १७ ते १९ वर्षांच्या प्रत्येकी हजार मुलांना काही प्रश्न विचारले गेले. ‘मी माझा देश किंवा समाज बदलू शकतो’ असं मानणारी मुलं जपानमध्ये १८.३ टक्के निघाली, नऊ देशांत सगळ्यात कमी. भारतात ८३.४ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुढे काही बोलायची गरजच उरत नाही, असं अनेकांना वाटतं. पण त्याच सर्वेक्षणात आणखीही प्रश्न होते. देशात असा एखादा प्रश्न आहे का, जो सोडवावा असं तुम्हाला वाटतं? जपानमधल्या ४६.४ टक्के मुलांनी हो म्हटलं. भविष्याबद्दल काही स्वप्न आहे का? ६०.१ टक्के मुलांनी हो म्हटलं. म्हणजे दहातल्या सहा मुलांकडे स्वप्न आहे, जवळजवळ निम्म्यांना एखादा प्रश्न छळतो आहे, आणि तरी देश आपल्याला बदलता येईल असं पाचातल्या एकालाही धड वाटत नाही. हे आकडे इतर देशांपेक्षा कमी आहेत, ते मी नाकारत नाही. पण ४६ आणि १८ यांच्यामधलं अंतर वाचायचं असतं. इच्छा नाही असं ते सांगत नाही. इच्छा आहे आणि वाट दिसत नाही, असं सांगतं.

वाट का दिसत नाही, याचा हिशोब ही मुलं आपल्यापेक्षा नीट करतात. १९४९ मध्ये जपानमध्ये सुमारे २७ लाख मुलं जन्मली. आज चौदा-पंधरा वर्षांची असलेली मुलं ज्या सुमारास जन्मली, त्या २०१० मध्ये पावणेअकरा लाख. २०२४ मध्ये सुमारे ६ लाख ८६ हजार. लोकसंख्येत पासष्टी ओलांडलेल्यांचं प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास आहे. मतदानाचं वय २० वरून १८ वर आलं तेच मुळी २०१६ मध्ये. ज्या देशात प्रत्येक निवडणुकीत आजोबांच्या पिढीची मतं नातवंडांच्या पिढीपेक्षा कितीतरी जास्त पडणार आहेत, तिथल्या सतरा वर्षांच्या मुलीनं ‘मी देश बदलू शकेन असं वाटत नाही’ म्हटलं, तर तिनं परिस्थिती अचूक वाचली आहे. तिला निराश म्हणण्याआधी तिची बेरीज कुठे चुकली ते दाखवा.

आणि आपल्या ८३ टक्क्यांबद्दल. ते सर्वेक्षण इंटरनेटवरून घेतलेलं होतं. २०१९ मधल्या भारतात असा फॉर्म भरणारी हजार मुलं म्हणजे कोण, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला सांगावं लागणार नाही. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेला मुलगा त्यात नव्हता, आठवीनंतर शाळा सुटलेली मुलगी नव्हती. शिवाय स्वप्न असलं की मूल सुरक्षित असतं, हा समज आपल्याच नोंदी खोटा ठरवतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. राज्यांच्या यादीत सगळ्यात वर महाराष्ट्र होता: १,७६४. यातली कितीतरी मुलं स्वप्नांच्या ओझ्याखालीच होती. जपानच्या मुलांकडे बोट दाखवून स्वतःची पाठ थोपटण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता जरा लहान वयाकडे येऊ. सतरा-एकोणीस ही वेगळी मुलं. माझा विषय बारा ते पंधराचा आहे, म्हणजे जपानमध्ये ज्याला माध्यमिक शाळेची तीन वर्षं म्हणतात तो काळ. एनएचके ही जपानची सार्वजनिक प्रसारणसंस्था १९८२ पासून या वयाच्या मुलांच्या राहणीमानाचा आणि विचारांचा आढावा घेत आली आहे. २०१२ च्या फेरीत माध्यमिक शाळेतल्या मुलांपैकी दहातल्या नऊहून अधिक मुलांनी आपण सुखी आहोत असं सांगितलं, आणि निम्म्याहून अधिक जणांनी ‘खूप सुखी’ हा पर्याय निवडला. विझलेल्या पिढीचं हे उत्तर नाही. पण गंमत नव्हे, दुःख असं की या उत्तराचाही मुलांविरुद्धच वापर झाला. त्याच्या आदल्याच वर्षी नोरितोशी फुरुइची या तरुण समाजशास्त्रज्ञाचं एक पुस्तक गाजलं होतं. देशाचं भवितव्य अंधारलेलं असताना तरुण मात्र स्वतःच्या आयुष्यावर समाधानी आहेत, असं त्यात त्यानं दाखवलं होतं. त्यावरून वडीलधाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष काय, तर पोरं अल्पसंतुष्ट आहेत. मूल नाखूश असलं तर ते कमकुवत, खूश असलं तर ते निरिच्छ. असा खटला चालवला तर आरोपी सुटण्याची शक्यताच उरत नाही.

‘कंपनीत नोकरी करायची आहे’ या उत्तरावरून झालेला गहजब याच जातीचा. दाइ-इची लाइफ ही विमा कंपनी दरवर्षी मुलांना विचारते, मोठेपणी काय व्हायचंय. २०२१ च्या मार्चमध्ये जाहीर झालेल्या निकालात प्राथमिक शाळेतल्या मुलग्यांत आणि माध्यमिकच्या मुलामुलींतही ‘कंपनीतला कर्मचारी’ हे उत्तर पहिलं आलं. प्राथमिकच्या मुलग्यांनी यूट्यूबरलाही मागे टाकून ते निवडलं होतं. लगेच हळहळ सुरू झाली: कुठे गेले ते फुटबॉलपटू, ते शास्त्रज्ञ? करोनाच्या काळात आईवडील घरून काम करताना मुलांनी पहिल्यांदा जवळून पाहिले, म्हणून हे उत्तर आलं असावं, असा एक अंदाज तेव्हाच मांडला गेला, आणि तो मला पटतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आई दिवसभर काय करते हे मुलानं पाहावं आणि मलाही हे काम जमेल, आवडेल, असं त्याला वाटावं, यात हळहळण्यासारखं काय आहे?

पण मला यामागे आणखी एक कारण दिसतं आणि ते फार कमी बोललं जातं. आजच्या चौदा वर्षांच्या मुलाचे आईवडील कोण आहेत ते बघा. १९८९ च्या अखेरीस टोकिओच्या शेअर बाजाराचा निर्देशांक ३८,९१५ वर होता; मग फुगा फुटला. साधारण १९९३ ते २००४ या काळात पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांना जपानमध्ये नोकरभरतीच्या हिमयुगातली पिढी म्हणतात. तिथे कंपन्या पदवीच्या वर्षीच, वसंतात, एकदम भरती करतात. ते वर्ष हुकलं की दार बंद. लाखो तरुण त्या दाराबाहेर राहिले आणि कंत्राटी, तात्पुरत्या कामांवर चाळिशीला पोहोचले. हीच माणसं आजच्या किशोरांचे आईबाप आहेत. ज्या घरात कायम नोकरी ही बापाला उमेदीच्या वयात न मिळालेली गोष्ट आहे, त्या घरातल्या मुलासाठी ‘मला कंपनीत पक्की नोकरी हवी’ हे भित्रं उत्तर नाही. बापाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी उणीव मुलानं ओळखली आहे. २०२४ च्या वसंतात नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांपैकी ती मिळालेल्यांचं प्रमाण ९८.१ टक्क्यांवर गेलं, तोवरचं सर्वाधिक. म्हणजे मुलं अशक्य ते मागत नाहीत. आणि ज्या पक्क्या नोकऱ्यांत जादा कामानं माणसं मरत होती, त्यांना ओव्हरटाइमची कायदेशीर मर्यादा घालायला त्याच देशानं २०१९ साल उजाडू दिलं. त्यामुळे ‘नोकरी हवी, पण संध्याकाळी घरी जायचंय’ हे मागणं मला तर अत्यंत समंजस वाटतं.

मुलांना भविष्याबद्दल कुठल्या तऱ्हेनं विचारलं जातं, तेही पाहायला हवं. माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे पंधराव्या वर्षी, शाळेतून एक कागद घरी येतो. त्यावर पुढच्या शाळेची पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहायची. मग शिक्षक, पालक आणि मूल असे तिघं समोरासमोर बसतात. बोलणं मुख्यतः दोन गोष्टींवर चालतं: शाळेनं दिलेले अंतर्गत गुण आणि हेन्साची. हेन्साची म्हणजे सरासरीला ५० धरून मूल इतरांच्या किती वर किंवा खाली आहे ते सांगणारा आकडा. १९५० च्या दशकात टोकिओतल्या एका माध्यमिक शिक्षकानं हे गणित बसवलं, ते चांगल्या हेतूनं: शिक्षकांनी अंदाजपंचे सल्ला देऊन मुलांचं नुकसान करू नये म्हणून. पुढे खासगी चाचण्यांचा धंदाच त्यावर उभा राहिला. १९९३ मध्ये शिक्षण मंत्रालयानं त्या चाचण्या सरकारी शाळांबाहेर काढायला लावल्या. आकडा शाळेतून निघाला आणि ‘जुकू’त, म्हणजे शिकवणीच्या वर्गांत, जाऊन बसला, तिसऱ्या वर्षाची निम्म्याहून जास्त मुलं तिथे जातातच. ज्या मुलाला ‘पुढे काय’ हा प्रश्न नेहमी ५२ की ५८ या रूपातच भेटला, ते मूल आपल्या भविष्याबद्दल रसभरीत बोलत नाही, याचं आश्चर्य वाटून घेण्याचं कारण नाही.

हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारला की काय होतं, याचंही उदाहरण जपानमध्येच आहे. १९९५ चा भूकंप आणि १९९७ मध्ये कोबे शहरात एका चौदा वर्षांच्या मुलाच्या हातून झालेल्या हत्या, या दोन धक्क्यांनंतर ह्योगो प्रांतानं १९९८ मध्ये माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी ‘ट्राय यारु वीक’ सुरू केला. पाच दिवस वर्ग बंद. मुलं बेकरीत, बालवाडीत, अग्निशमन केंद्रात, शेतावर, वृद्धाश्रमात जातात आणि जमेल ते काम करतात. गुण नाहीत, क्रमांक नाहीत. भयंकर गुन्हा चौदा वर्षांच्या मुलानं केला म्हणून चौदा वर्षांच्या सगळ्या मुलांवर पहारा वाढवण्याऐवजी त्यांच्यावर गावानं विश्वास टाकला, हे मला त्या काळातलं मोठं धाडस वाटतं. पुढच्याच वर्षी तोयामा प्रांतानंही असाच उपक्रम सुरू केला.

देश बदलण्याचं म्हणाल तर ओनागावाला चला. मियागी प्रांतातलं हे किनाऱ्यावरचं छोटं गाव. २०११ च्या ११ मार्चच्या सुनामीत इथे आठशेहून अधिक माणसं गेली. महिन्याभरानं, एप्रिलमध्ये, बारा-तेरा वर्षांची मुलं माध्यमिक शाळेत दाखल झाली. कोणाचं घर गेलेलं, कोणाची आई, कोणाचे आजीआजोबा. सामाजिक शास्त्रांच्या तासाला या मुलांनी ठरवलं की हजार वर्षांनी येणाऱ्या लाटेपासूनही माणसं वाचली पाहिजेत. त्यासाठी त्यांनी तीन गोष्टी मांडल्या: लोकांमधले संबंध घट्ट ठेवायचे, उंचावर जायच्या वाटा करायच्या, आणि घडलेलं नोंदवून ठेवायचं. नोंदीसाठी गावच्या २१ वस्त्यांच्या किनाऱ्यांवर, लाट जिथवर आली त्याच्या वर, एकेक शिळा उभारायची. पैसे सरकारकडे मागायचे नाहीत, स्वतः जमवायचे. सहाएक महिन्यांत त्यांनी सुमारे एक कोटी येन जमा केले. पहिली शिळा २०१३ च्या नोव्हेंबरात उभी राहिली, एकविसावी २०२१ च्या नोव्हेंबरात. तोवर ती मुलं बाविशीची झाली होती. मधल्या काळात शाळा संपली, परीक्षा झाल्या, गावं सुटली. काम सुटलं नाही. पुन्हा भूकंप झाला तर या दगडाच्या वर पळा, आणि जो निघायला तयार नाही त्यालाही ओढून न्या, असं ती शिळा सांगते. निरिच्छ पिढीचा सिद्धांत मांडणाऱ्यांनी या मुलांना कुठे बसवायचं ते सांगावं.

यावर एक आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. मुलं इतकी ठीक असतील, तर मग मरतात का? २०२२ मध्ये जपानमध्ये प्राथमिक ते उच्च माध्यमिक शाळांतल्या ५१४ मुलांनी आत्महत्या केल्या. २०२४ मध्ये हा आकडा आणखी वाढला. देशातल्या एकूण आत्महत्या २००३ मधल्या ३४ हजारांवरून २० हजारांच्या आसपास उतरल्या, मुलांच्या मात्र वाढल्या. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात ३८ श्रीमंत देशांत जपानची मुलं शारीरिक आरोग्यात पहिली आणि मानसिक स्वास्थ्यात सदतिसावी होती. हे भयंकर आहे. पण ही मुलं महत्त्वाकांक्षा नव्हती म्हणून गेली, असं यातून कुठेही निघत नाही. सरकारी नोंदींत कारणांच्या यादीत वर दिसते ती शाळा: अभ्यासात मागे पडणं, पुढच्या प्रवेशाची धास्ती, मित्रांशी बिनसलेलं. २०१५ च्या सरकारी श्वेतपत्रिकेनं चार दशकांच्या नोंदी तारखेनुसार मांडल्या, तेव्हा १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आत्महत्या सगळ्यात जास्त झालेली तारीख निघाली १ सप्टेंबर. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू होण्याचा दिवस. या मुलांना भविष्याचं नव्हे, उद्या सकाळच्या वर्गाचं भय होतं.

त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस कामाकुरा शहराच्या ग्रंथालयातल्या एका कर्मचाऱ्यानं ट्विटरवर साधा निरोप लिहिला. शाळेत जाण्यापेक्षा मरण बरं वाटत असेल तर ग्रंथालयात या; इथे मांगा आहेत, कादंबऱ्या आहेत, दिवसभर बसलात तरी कोणी काही विचारणार नाही, अशा अर्थाचा. तो देशभर पसरला. मला त्या निरोपात जे कळकळीचं शहाणपण दिसतं ते ‘स्वप्नं बघा’ सांगणाऱ्या शंभर भाषणांत दिसत नाही. त्यानं मुलाला दुरुस्त करायला घेतलं नाही. मुलाला बसायला जागा दिली.

शाळेत न जाणाऱ्या मुलांचा आकडाही आळसाचा पुरावा म्हणून फेकला जातो. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात ३० किंवा जास्त दिवस गैरहजर राहिलेली प्राथमिक-माध्यमिकची मुलं ३,४६,४८२ होती, तोवरचा उच्चांक. आजारपण किंवा आर्थिक अडचण हे कारण असलेली मुलं यात धरलेलीच नाहीत. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपण ‘तोत्तोचान’ या पुस्तकावर पिढ्यान् पिढ्या प्रेम केलं आहे. ती मुलगी पहिल्या शाळेतून काढून टाकलेली होती. कोबायाशी गुरुजींच्या रेल्वेडब्यांच्या शाळेनं तिला घेतलं म्हणून ती तगली. त्या एका मुलीत दोष नव्हता हे आपल्याला पुस्तकात लगेच पटतं. मग या साडेतीन लाखांतच दोष कसा सापडतो? २०१६ च्या कायद्यानं जपाननं निदान एवढं मान्य केलं की अशा मुलांना विश्रांतीची गरज असू शकते आणि शाळेबाहेरचं शिक्षणही मोलाचं असतं. त्याच वर्षी सुरू झालेल्या एन हायस्कूल या ऑनलाइन शाळेत आणि तिच्या भावंड शाळांत मिळून आज तीस हजारांहून जास्त मुलं शिकतात. ही मुलं घराच्या कोपऱ्यात बसून राहिली नाहीत. दुसरं दार दिसताच त्यातून आत गेली.

‘मी बदलू शकतो’ हा विश्वास उपदेशानं येत नाही, काहीतरी बदलून पाहिलं की येतो. जपानी माध्यमिक शाळांनी मुलांना ती संधी किती दिली? मोजे पांढरेच, केस काळेच, अमुक पद्धतीनं कापायचे नाहीत, वर्गात मफलर नको; काही शाळांत अंतर्वस्त्रांच्या रंगापर्यंत नियम. ओसाकातल्या एका सरकारी उच्च माध्यमिक शाळेनं मूळच्या तपकिरी केसांच्या मुलीला ते वारंवार काळे करायला लावले. ती न्यायालयात गेली. २०२१ मध्ये न्यायालयानं केसांचा नियम बेकायदा ठरवला नाही. तिचं नाव पटावरून आणि बाक वर्गातून काढल्याबद्दल मात्र ३ लाख ३० हजार येन भरपाई द्यायला लावली. पटावरून मुलीचं नाव पुसणारी शाळा आणि देश बदलण्याच्या प्रश्नावर ‘नाही’ म्हणणारी मुलं, यांचा संबंध दिसत नाही असं म्हणणं कठीण आहे.

आता हे नियम हलू लागले आहेत. टोकिओ महानगर प्रशासनानं आपल्या उच्च माध्यमिक शाळांतले असे अनेक नियम २०२२ च्या एप्रिलपासून काढून टाकले. त्याच डिसेंबरात शिक्षण मंत्रालयानं शिक्षकांसाठीची मार्गदर्शिका बारा वर्षांनी बदलली आणि नियमांचा फेरविचार करताना मुलांचं म्हणणं ऐकावं असं त्यात लिहिलं. २०२३ च्या एप्रिलपासून बालकांचा मूलभूत कायदा लागू आहे. मुलांशी संबंधित धोरण ठरवताना त्यांची मतं विचारात घेणं सरकारवर आणि नगरपालिकांवर बंधनकारक झालं आहे. काही शाळांत मुलं, शिक्षक आणि पालक एकत्र बसून नियमांची वही ओळीओळीनं तपासतात: हा नियम कशासाठी, कोणासाठी, काढला तर काय बिघडेल. या बैठकांतली मागणी मोज्यांच्या रंगाएवढी लहान असू शकते. पुढचं सर्वेक्षण करणाऱ्यांनी या शाळांतून निघालेली मुलं वेगळी काढावीत, ज्या शाळांत काहीच बदललं नाही तिथली मुलं वेगळी ठेवावीत, आणि दोन्हींना तोच २०१९ चा प्रश्न विचारावा. तोवर १८.३ हा आकडा मुलांच्या स्वभावाचं प्रमाणपत्र म्हणून वापरणं थांबवावं.